दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे

गेल्या महिन्यात आमची गाडी दुरुस्त होऊन आली आणि दोनच दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मिस्त्रीने स्कॅनर जोडून दिवा विझवून दिला. आम्ही कापड आणायला यवतमाळहून नागपूरला निघालो, तर कळंबला दिवा पुन्हा हजर! दुसऱ्या मिस्त्रीने आधी कोड टिपून घेतला: पी ०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. नवा सेन्सर मागवण्याआधी, मागच्या दुरुस्तीत काय काय खोलले होते ते त्याने विचारले. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढच्या नळीची क्लिप ढिली राहिली होती. तिथून न मोजलेली हवा आत जात होती. क्लिप आवळली, काम फत्ते.

कोड दोष सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. तो पुसला की दोषाच्या वेळची नोंदही जाते. थानातला डाग घडीत लपवून विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे. मग नुसता दिवा विझवून पैसे घेणे वेगळे कसे?

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झाले. आता नुसत्या कानाने इंजिन ओळखून भागत नाही. आपल्या मिस्त्री बांधवांनी स्कॅनर वाचायला शिकावे. एकट्याला परवडत नसेल तर दोघातिघांनी मिळून घ्यावा. आम्ही गिऱ्हाइकांनीही तपासणीची मजुरी खुशीने द्यावी. नाहीतर गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपकडे वळेल आणि आपल्या पोरांची रोजी जाईल.