पदवीचे नाव आणि कर्जाचे हप्ते

देवळीसारख्या गावातील वाणिज्य पदवीधरही आता अमेरिकेतील ‘फायनान्स’च्या अभ्यासक्रमाची माहितीपत्रके घेऊन प्राध्यापकांच्या दारी येऊ लागला आहे. त्याच्यापुढे उदाहरण असते ते विक्रम पंडित यांचे. १९५७ साली नागपुरात जन्मलेले पंडित कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९८३ साली मॉर्गन स्टॅनलीत दाखल झाले आणि डिसेंबर २००७ मध्ये सिटीग्रुपचे प्रमुख झाले. विदर्भाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु वित्तशास्त्राकडे वळण्यापूर्वी त्यांनी विद्युत अभियांत्रिकीच्या दोन पदव्या घेतल्या होत्या, हे सांगणारे थोडे. आज नेमका हाच भेद निर्णायक ठरत आहे.

अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयात काम करण्याची परवानगी मिळते. पदवी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी वा गणित या गटात मोडत असेल, तर २०१६ च्या नियमानुसार तीत आणखी २४ महिन्यांची भर पडू शकते. सर्वसाधारण ‘फायनान्स’ या गटात येत नाही. वित्तीय गणित वा अर्थमिती येते. पुढे टिकायचे तर बहुतेकांना मालकामार्फत ‘एच-१बी’ परवाना मिळवावा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार, अधिक अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २० हजार. अर्ज त्याहून अधिक येतात, म्हणून सोडत निघते. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने या सोडतीत वरच्या वेतनश्रेणीला झुकते माप दिले. अर्थातच नवख्या पदवीधराचे पारडे हलके झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर लादलेले एक लाख डॉलरचे शुल्क तेथेच राहून दर्जा बदलणाऱ्या विद्यार्थ्यास लागू नाही, असा खुलासा पुढे झाला, एवढाच काय तो दिलासा!

आता आपल्या बाजूचा हिशेब पाहू. २००२ च्या सरफेसी कायद्यातील जप्तीच्या तरतुदींतून शेतजमीन वगळलेली असल्यामुळे बँका ती तारण म्हणून घेण्यास सहसा राजी नसतात. साहजिकच कापूस पिकविणाऱ्या बापाला गावातील राहते घर गहाण टाकावे लागते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परतफेडीला अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष एवढी सवलत असते. व्याज मात्र त्या काळातही चढत राहते. म्हणजे साध्या फायनान्सच्या विद्यार्थ्याची परवानगी संपते आणि घरचा पहिला हप्ता सुरू होतो तो जवळजवळ एकाच वेळी. त्या १२ महिन्यांतही एकूण ९० दिवसांहून अधिक बेकारी कायद्याला चालत नाही. सोडतीत नाव न आल्यास डॉलरची मिळकत थांबते. रुपयाचे कर्ज थांबत नाही.

म्हणून कोणी जाऊच नये काय? तसे म्हणणे भित्रेपणाचे ठरेल. परंतु विद्यापीठाचा क्रमांक पाहण्यापूर्वी अभ्यासक्रमाचा सरकारी वर्ग कोणता, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे. नोकरीचा शोध पदवीनंतर नव्हे, पहिल्याच सत्रात सुरू करावा. उन्हाळी उमेदवारीतूनच पुष्कळदा कायम नोकरी मिळते. आणि मुलाखतीत मालक परवान्यासाठी अर्ज करणार की नाही, हे विचारण्यास संकोचू नये. घर गहाण टाकणाऱ्या बापालाही हा सारा हिशेब सही करण्यापूर्वी समजावून सांगितला पाहिजे. वित्तशास्त्र शिकू पाहणाऱ्याचा तो पहिला धडा आहे.