आधी चित्र, मग बांध, मग विसार

इंदापूर तालुक्यातील निरवांगी परिसरात आमचे अनेक बागवान बंधू डाळिंबाच्या बागा उक्त्या घेतात. बांधावरून नजरेने अंदाज करायचा, विसार द्यायचा आणि पुढचे नशिबावर सोडायचे, ही जुनी रीत. परंतु शेजारच्या दहा गावांत बागा जोमात आहेत की पाण्यावाचून सुकत आहेत, हे एका बांधावरून दिसत नाही. आणि बाजारभाव तर त्यावरच ठरतो.

हे आभाळातून बरेचसे दिसते. नियमित कामाचा पहिला भारतीय दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी सुटला. आज युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे साधारण दर पाच दिवसांनी आणि फुकट मिळतात. त्यांतील एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद; म्हणजे जवळजवळ एक गुंठा. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या फरकावरून पिकाचा जोम कळतो.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी अशा चित्रांचा वापर सुरू केला आहे. पीक विम्यातही भात व गव्हाचे उत्पन्न ठरविताना २०२३ पासून उपग्रहाची मदत घेतली जाते. विमेवाले पाहून चालणार आणि घरची पुंजी लावणारा बागवान मात्र अंदाजाने चालणार, हे आम्हाला धोक्याचे वाटते.

अर्थात, चित्रावर आंधळा भरवसा नको. पावसाळ्यात ढग आड येतात. दोन ओळींमधील मोकळी जमीनही त्याच ठिपक्यात मिसळते. फळाचा आकार किंवा तेल्याचा डाग त्यात दिसत नाही. म्हणून एकाच दिवसाचे चित्र पाहू नये. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे चित्र शेजारी ठेवून फरक पाहावा.

फवारणी पंप व मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनाही हे उपयोगी आहे. कोणत्या गावात हंगाम मंदावणार हे आधी कळले, तर सुट्या भागांत पैसा अडकत नाही.

घरातील शिकलेल्या मुला-मुलींना हे काम सांगावे. दोन-चार व्यापाऱ्यांनी मिळून पाहिले तर आणखी बरे. बांधावर जाणे सोडू नये. पण विसाराची रक्कम हातातून सुटण्यापूर्वी चित्र जरूर पाहावे, एवढेच आमचे सांगणे.