कर्ज पुण्याच्या पगारावर मोजा

प्रवेशाचा हंगाम आला की इंग्लंडमधल्या आपल्यापैकी अनेकांना गावाकडून फोन येऊ लागतात. मला येतात ते श्रीगोंदा तालुक्यातून. "भाऊ, पोराला इंटरनॅशनल बिझनेसला ॲडमिशन मिळालंय. तीस लाखांचं कर्ज काढतोय. पाठवू ना?" आपण बहुतेक वेळा म्हणतो, "पाठवा, होईल काहीतरी." माझं स्पष्ट मत आहे की हे उत्तर आता बंद व्हायला हवं. विचारणाऱ्याला आकडे सांगितले पाहिजेत.

लंडनबाहेरच्या एखाद्या विद्यापीठातली एक वर्षाची एमएस्सी धरू. फी 20 हजार पौंड, राहण्या-खाण्याचा खर्च 10 हजार. पौंड 115 रुपयांना धरला तर साडेचौतीस लाख होतात. पंधरा टक्के घरचे घातले, तरी तीसेक लाखांचं कर्ज उरतं. व्याज साडेदहा टक्के धरा. कोर्स आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली, तर दोन वर्षांत त्यात सहा लाख तीस हजारांची भर पडते. त्यानंतर दहा वर्षं महिन्याला 49 हजारांचा हप्ता. एकूण फेड जवळपास 59 लाखांची.

आता कमाई. शिक्षणानंतर इथे दोन वर्षं काम करता येतं, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल. पुढे राहायचं तर प्रायोजकत्वाचा परवाना असलेली कंपनी हवी आणि ठरावीक पगारही हवा. जुलै 2025 पासून ही मर्यादा सर्वसाधारणपणे 41,700 पौंड आहे. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना सवलतीत 33,400. एवढा पगार मिळाला तर कर आणि विमा वजा जाऊन महिन्याला सुमारे 2,300 पौंड हाती पडतात. काटकसरीने राहणारा मुलगा त्यातून हप्ता नक्की फेडेल. पण कोर्सनंतर वर्षाने पहिला हप्ता सुरू होतो आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत हा दीड वर्षाचा व्हिसा संपतो. तेवढ्यात अशी कंपनी मिळाली नाही, तर मुलगा परत येतो. पुण्यात त्याला 50 हजारांची नोकरी लागली, तर हप्ता भरल्यावर हातात हजार रुपये उरतात.

मग हप्ता घरावर येतो. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे बँका शेती तारण घ्यायला सहसा तयार नसतात. गावातलं घर, बिगरशेती प्लॉट किंवा ठेवपावती मागतात. ते नसेल तर वित्तकंपनीचं विनातारण कर्ज घ्यावं लागतं, आणि त्याचा दर बहुधा चढा असतो. वडील सहकर्जदार असतात. त्यांचं उत्पन्न उसाचं: आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो, मग नागवडे किंवा कुकडी कारखान्याला जातो, मग बिल होतं. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. तो थकला की वडिलांचं सिबिल बिघडतं आणि ट्रॅक्टर किंवा ठिबकसाठी कर्ज मागायला गेल्यावर तेच आडवं येतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलतही या घराच्या उपयोगाची नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही.

यावर कुणी म्हणेल, आपणही कर्ज काढूनच आलो आणि आपलं भलं झालं. खरं आहे. पण आपल्यापैकी अनेकजण आले तेव्हा नियम सैल होते, आणि जे परत गेले ते आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या या अंकात लिहीत नाहीत. इंटरनॅशनल बिझनेस हा विषय निरुपयोगी आहे, असंही मी म्हणत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे 2024 मध्ये ती उठली आणि शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडलं. श्रीगोंद्याच्या कांदा उत्पादकाला आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणजे काय, हे या वीस महिन्यांत पुरतं कळलं. हे जाणणारी मुलं तालुक्यात हवीतच. प्रश्न शिक्षणाच्या किमतीचा आहे.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे: परत येऊन पुण्यात जो पगार मिळेल, त्याच्या एक तृतीयांशात हप्ता बसला पाहिजे. 50 हजार पगार धरला, तर याच अटींवर हे कर्ज दहा लाखांच्या आसपास येतं. वरची रक्कम शिष्यवृत्तीतून किंवा स्वतःच्या कमाईतून उभी राहिली पाहिजे. 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जशिष्यवृत्ती आहे, कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर तिच्या पहिल्या लाभार्थींपैकी होत्या. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे आधी दोन-तीन वर्षं पुण्या-मुंबईत एखाद्या निर्यातदाराकडे काम करणं. न्हावा शेवा बंदरात कंटेनर कागदपत्रांसाठी का अडतो, हे अनुभवाने कळलेला मुलगा इथल्या मुलाखतीत नवख्यापेक्षा कितीतरी उजवा ठरतो.

प्रवेश मिळवून देणाऱ्या बहुतेक एजंटांना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. आपल्याला कुणाकडून काही मिळत नाही, म्हणूनच गावाचा आपल्यावर विश्वास आहे. मंडळाने दर जूनमध्ये ऑनलाइन बैठक घ्यावी, तिथे फी, हप्ता, व्हिसा आणि परतीचा पगार हे चार आकडे पालकांसमोर मांडावेत, आणि परत गेलेल्या मुलांनाही बोलायला बोलवावं. पहिल्या बैठकीची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे.