सपाट रान आणि समतल रान

मंडळी, मृग तोंडावर आलाय. गावोगाव जेसीबी आणि ट्रॅक्टर रानात उतरलेत. कुणी बांध सरळ करतंय, कुणी टेकाड फोडून खड्डा भरतंय. विचारलं की एकच उत्तर, "रान लेव्हल करून घेतोय." या लेव्हल शब्दावर आज जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं असं की आपण 'सपाट' आणि 'समतल' हे दोन शब्द एकच धरून चाललोय, आणि त्याची किंमत मातीत मोजतोय.

सपाट म्हणजे डोळ्याला सरळ दिसणारं. दोरी ताणली, दोन टोकं जुळली, झालं सपाट. समतल म्हणजे ज्यावर पाणी इकडंही पळत नाही अन् तिकडंही पळत नाही. पहिलं डोळा ठरवतो, दुसरं पाणी ठरवतं.

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही एकच की. लहान अंतरात जवळजवळ एकच, मोठ्या अंतरात अजिबात नाही. कारण जमीन गोल आहे.

पैठणचा नाथसागर घ्या. जलाशयाची लांबी 55 किलोमीटर सांगतात. वारा नसला की मराठवाड्यात त्याच्याएवढं समतल दुसरं काही नाही. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ तार ओढली असं मनात धरा. मधोमध पाणी त्या तारेच्या सुमारे 59 मीटर वर असेल. धरणाची भिंत 41 मीटरच्या आसपास. म्हणजे पाण्याचा फुगवटा भिंतीपेक्षा उंच! तरी ते पाणी कुठं घरंगळत नाही, कारण ते समतलच आहे. सपाट मात्र नाही.

हिशोब सोपा आहे. तुम्ही उभे आहात तिथून एकदम आडवी सरळ रेषा काढली, तर 1 किलोमीटरवर पाण्याची पातळी त्या रेषेच्या 7.8 सेंटिमीटर खाली जाते. अंतर दुप्पट झालं की फरक चौपट. 10 किलोमीटरवर 7.8 मीटर, 100 किलोमीटरवर 785 मीटर. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे, पैठणपासून परभणीच्या बाजूला येतो. पैठणला आडवी धरलेली रेषा तशीच सरळ नेली असती, तर परभणीच्या आधीच ती डोंगराएवढी आभाळात गेली असती. कालवा मात्र जमिनीला धरून, अगदी थोडा उतार घेत येतो. तो खोदणाऱ्यांनी समतल काय ते पैठणला एकदाच विचारलं नाही. थोडं पुढं गेलं की दुर्बीण मांडायची, परत विचारायचं, परत पुढं जायचं.

मोजणीवाल्यांची एक जुनी रीत आहे. दुर्बीण दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये मांडतात. मागच्या पट्टीचं अंतर आणि पुढच्या पट्टीचं अंतर सारखं ठेवतात. का? तर गोलाईचा फरक दोन्हीकडं सारखाच येतो आणि वजाबाकीत उडून जातो. आपल्याला वाटतं माणूस उगाच वेळ काढतोय. तो पृथ्वीची गोलाई हिशोबातून काढत असतो.

आता आपल्या रानात याचा संबंध किती? खरं सांगायचं तर गोलाईचा थेट संबंध नाही. लेझर लेव्हलरचा झोत 300 मीटरवर पाण्याच्या पातळीपेक्षा फक्त 7 मिलिमीटर वर असतो. ढेकूळ त्याच्यापेक्षा मोठं असतं. पण गोष्ट आकड्याची नाही. समतल हा सरळ रेषेचा गुण नाही, ते ज्या त्या जागी विचारायचं असतं. आणि विचारायचं ते ओढीला. गवंड्याचा ओळंबा लटकतो ती ओढीची दिशा, आणि तिला काटकोनात जे येतं ते समतल.

म्हणूनच एका जागचा ओळंबा आणि दुसऱ्या जागचा ओळंबा समांतर नसतात. न्यूयॉर्कला 1964 साली व्हेराझानो पूल खुला झाला. त्याचे दोन्ही मनोरे ओळंब्यात आहेत, तरी पायथ्यापेक्षा वरच्या टोकाला ते एकमेकांपासून सुमारे 4 सेंटिमीटर लांब आहेत. दोघंही खरे, दोघंही उभे, आणि तरी एका दिशेला नाहीत.

'खाली' म्हणजे पृथ्वीच्या पोटाच्या जवळ, असंही आपण धरून चालतो. तेही पुरतं खरं नाही. पृथ्वी फिरते म्हणून विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथला समुद्र ध्रुवापेक्षा केंद्रापासून सुमारे 21 किलोमीटर जास्त लांब आहे, तरी पातळी एकच. आता आपली गोदावरी बघा. पैठणला ती समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. तिथून ती दक्षिण-पूर्वेला आंध्रात अंतर्वेदीपाशी समुद्राला मिळते. हिशोब मांडला तर या प्रवासात ती पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 200 मीटर लांब जाते. म्हणजे केंद्रावरून मोजलं तर चढते, आणि वाहते मात्र उतारानंच. उतार कशाला म्हणायचं हे फूटपट्टी ठरवत नाही, ओढ ठरवते.

मोबाईलवर उंची बघून चर आखणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवावंच. उपग्रहावरून येणारी मूळ उंची ही गणितानं मानलेल्या अंडाकार पृथ्वीवरून मोजलेली असते, समुद्राच्या पातळीवरून नाही. आपल्याकडं या दोन्हीत 50 मीटरहून जास्त फरक पडतो. काही ॲप तो दुरुस्त करून दाखवतात, काही नाही. शिवाय साध्या मोबाईलची उंची आज एक आणि उद्या एक. चराला इंचाचा हिशोब लागतो. तिथं मोबाईल कामाचा नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी त्याच्यापेक्षा शंभरपट खरी.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

उताराचं रान असेल तर माथ्याला वीत-दीड वीत माती असते, तिच्याखाली मुरूम. ते रान सपाट करायचं म्हणजे माथ्याची माती खरवडून खाली ढकलायची. वर मुरूम उघडा पडतो आणि खाली काळ्या मातीवर माती चढते. पैसे तासावर मोजले जातात, आणि त्या माथ्यावर पुढं कित्येक वर्षं पीक धरत नाही. पाटपाण्याच्या भरड रानाला लेझर लेव्हल चांगलं, त्याला माझा विरोध नाही. माती खोल असेल तर जरूर करा. पण माळाच्या, उताराच्या कोरडवाहू रानाला सपाट करायची गरजच नसते. त्याला समतल रेषा लागतात. बांध त्या रेषेवर, पेरणी त्या रेषेवर, सरी त्या रेषेच्या जवळपास. रान तिरकं राहू द्या, ओळी समतल ठेवा.

बांध सरळ करायची हौस तर फारच वाढलीय. वाकडा बांध दिसायला गबाळा दिसतो, ट्रॅक्टरला वळण घ्यावं लागतं, कबूल. पण जुन्या माणसांनी जो बांध नागमोडी ठेवला, तो बहुतेक वेळा पाण्यानं दाखवलेल्या जागी होता. तो सरळ केला की बांधाला उतार मिळतो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी बांधाला धरून पळतं, सखल जागी साठतं आणि तिथून फोडून जातं. चराचंही तसंच. 1 फूट खोल चर 100 फुटात एका बाजूला 1 फूट कलला, तर खालचं तोंड वाहायला लागतं तरी वरचं टोक कोरडंच. तो पाणी जिरवायचा चर राहत नाही, नव्या घळीची सुरुवात होते.

आणि अशी कामं मोजली कशी जातात? लांबी, रुंदी, खोली. घनमीटर निघाले, बिल निघालं. समतल आहे का, हे मापात कुठंच नाही. माझं मत स्पष्ट आहे. चराचं काम पाण्यानं तपासल्याशिवाय पुरं धरू नये. एक टँकर ओता, नाहीतर पहिल्या पावसात ग्रामसभेनं जाऊन बघावं, पाणी दोन्ही टोकाला सारखं उभं आहे का. एवढी साधी परीक्षा आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र यंत्राची नाही, माणसांची आहे. पाण्याला सातबारा वाचता येत नाही. समतल रेषा तुमच्या गटातून निघते, चुलत्याच्या गटात जाते, पुढं ज्याच्याशी आपलं बोलणं नाही त्याच्याही रानातून जाते. गटाच्या हद्दी सरळ, पाण्याची रेषा वाकडी. प्रत्येकानं आपापल्या हद्दीत सपाट केलं की पाणी शेवटच्या माणसाच्या रानात माती घेऊन उतरतं. म्हणून आखणी शिवाराची पाहिजे, गटाची नाही. हद्द जिथं आहे तिथंच राहू द्या, फक्त ओळी एकमेकांना जुळवून घ्या.

आखणीला खर्च नाही. दोन सारखे बांबू, एक आडवी पट्टी, दोरी आणि दगड. झाली ए-फ्रेम. दोन खुंट्यांवर उभी करून दोरी जिथं येते तिथं खूण करा, पाय उलटे करून परत खूण करा, दोन्ही खुणांच्या मधोमध तिसरी खूण. दोरी तिसऱ्या खुणेवर आली की दोन्ही पाय समतल. मग एक पाय पुढं, परत विचारा, परत पुढं. लेझरचा झोत सरळ जातो. ही काठी मात्र जमिनीच्या गोलाईबरोबर चालते, कारण ती प्रत्येक पावलाला नव्यानं विचारते.

पाऊस पडायच्या आत एका सकाळी तीन शेजारी मिळून एवढं करा. जेसीबीला फोन त्याच्यानंतर लावा. आणि तुमच्याकडं जुने वाकडे बांध अजून टिकून असतील तर फोटो टाका, कुठल्या उतारावर आहेत तेही लिहा.