भंडारदऱ्याचे दोन दिवस

प्रवासाचे अंदाजपत्रक मांडताना माणसे भाडे, इंधन आणि जेवण यांचा हिशोब चोख करतात. वेळेचा आणि शक्तीचा हिशोब मात्र बहुधा राहून जातो. सहलीतील बहुतेक कुरबुरींचे मूळ पैशाच्या तुटीत नसून या दुसऱ्या हिशोबात असते. ठाण्यातील एका कुटुंबाने डिसेंबरमधील शनिवार-रविवारसाठी भंडारदरा निश्चित केला, तेव्हा याच गोष्टीचा प्रत्यय आला.

घरात माणसे चार. चाळिशी ओलांडलेला मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. मुलाने एका रात्रीत स्थळांची यादी तयार केली. शनिवारी रंधा धबधबा, विल्सन धरण, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी आणि घाटघरचा कडा. रविवारी पहाटे कळसूबाई व दुपारी परतीचा प्रवास. कळसूबाईचे वचन नातवाला वर्षभरापूर्वीच दिलेले होते. 1,646 मीटर उंचीचे महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर त्याने भूगोलाच्या वहीत लाल शाईने लिहून ठेवले होते.

यादी वाचून झाल्यावर आजी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तिघे जाऊन या. माझे गुडघे आता कुठे साथ देतात? मी घर सांभाळते."

हे वाक्य अनेक घरांत उच्चारले जाते आणि सोयीचे असल्यामुळे लगेच स्वीकारलेही जाते. या घरातही ते स्वीकारले गेले असते; परंतु सुनेने यादी हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "यांतल्या किती ठिकाणी आई गाडीतून उतरून पाच मिनिटांत पोहोचतील?" त्यानंतर यादी पुन्हा पहिल्यापासून मांडण्यात आली.

आरंभी अंतराचा विचार झाला. ठाण्याहून कसारा घाट, इगतपुरी आणि घोटीमार्गे भंडारदरा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. घोटीला नाशिक महामार्ग सोडावा लागतो. कागदावर हे अंतर साडेतीन तासांचे दिसते. वयस्कर व्यक्ती सोबत असेल तर दोन थांबे धरून पाच तास मानणे शहाणपणाचे. रेल्वेने इगतपुरीपर्यंत येऊन पुढे गाडी करणे हाही चांगला पर्याय. पण दोन दिवस तलावाभोवती फिरण्यासाठी घरची गाडीच सोयीची ठरली. इंधन घोटीतच भरून घ्यावे आणि पुरेशी रोख रक्कमही जवळ ठेवावी, कारण पुढच्या गावांत मोबाइलचे जाळे भरवशाचे नसते आणि त्यावरून पैसे देण्याची सोय ऐन वेळी दगा देऊ शकते.

नंतर ऋतूचा विचार. भंडारदऱ्याची प्रत्येक ऋतूत निराळी ओळख असते. मे महिन्याच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत रानात काजव्यांचा लखलखाट असतो. पावसाळ्यात कडे धबधब्यांनी भरून जातात. मात्र तेव्हा धुके, निसरडी वाट आणि सुटीच्या दिवसांची गर्दी यांची तयारी ठेवावी लागते. डिसेंबरमध्ये धबधबे रोडावतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवणे बरे. त्याच्या बदल्यात मिळते ते निरभ्र आकाश, स्थिर पाणी आणि कोरडी जमीन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यातील तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची.

जेवणाचा प्रश्न त्याहून नाजूक होता. आजींचा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम अनेक वर्षांचा. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगरांनी वेढलेल्या दरीत तो त्याआधीच दिसेनासा होतो. निवासस्थानांची स्वयंपाकघरे रात्रीच्या जेवणाची तयारी मात्र उशिरा करतात. म्हणून सुनेने खोली नक्की करण्यापूर्वीच दूरध्वनीवरून विचारले, की पाच वाजता कांदा, लसूण आणि बटाटा न घातलेली भाजी, वरण, भात व पोळी मिळेल काय. पहिल्या ठिकाणाहून नकार आला. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी "आधी सांगितलंत ते बरं झालं," असे म्हणून होकार दिला. ते निवासस्थान शेंडी गावातले, साधे आणि तळमजल्यावरचे होते. खिडकीतून तलाव दिसत नव्हता. तरीही तेच ठरले.

शेवटी कळसूबाईवर गाडी अडली. बारी गावातून वर जाण्यास सुमारे तीन तास आणि उतरण्यास दोन-अडीच तास लागतात. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. पहाटे पाचला निघाले तरी खाली येईपर्यंत अकरा वाजणार. त्यानंतर थकलेल्या पायांनी त्याच माणसाने रविवारच्या गर्दीत कसारा घाट उतरायचा! हा हिशोब मांडल्यावर मुलगा स्वतःच गप्प झाला. नातवाचे डोळे भरून आले. आजींना ते पाहवेना. "माझ्यापायी त्याचा हिरमोड नको, मला वगळा," असे त्या पुन्हा म्हणाल्या. तेव्हा मुलाने नातवाला जवळ बसवून सांगितले, "आजीमुळे नाही रे. मलाच एका दिवसात दोन्ही जमणार नाही. जानेवारीत आपण दोघेच जाऊ." आणि दिनदर्शिकेवर तारीख लिहिली. दिलेले वचन पुढे ढकलावे लागले, तर नवी तारीख त्याच क्षणी लिहावी. नाहीतर ते बुडीत खात्यात जाते.

उरलेला कार्यक्रम सुटसुटीत झाला. शनिवारी दुपारी विश्रांती, नंतर धरणाचा परिसर आणि पाच वाजता जेवण. रविवारी सकाळी गाडीने तलावाच्या कडेने रतनवाडीपर्यंत जाऊन अमृतेश्वराचे कोरीव मंदिर व शेजारची पुष्करणी पाहायची आणि दुपारच्या जेवणानंतर लगेच परतायचे. सांदण, घाटघर आणि रतनगड यादीतून गेले.

प्रत्यक्षात शनिवारी आजी काठी टेकत पाण्यापर्यंत गेल्या आणि एका खडकावर तासभर बसल्या. नातवाने त्यांना सांगितले, की हे धरण 1926 साली पूर्ण झाले आणि प्रवरा नदी समोरच्या रतनगडाच्या परिसरात उगम पावते. आजी हसल्या. त्यांचे माहेर प्रवराकाठचे, संगमनेरजवळचे. लहानपणी शेताला पाटाचे पाणी यायचे, त्या पाण्याला घरात सगळे "भंडारदऱ्याचं पाणी" म्हणत. "सत्तर वर्षं नाव ऐकत होते," त्या म्हणाल्या, "ते येतं कुठून, ते आज पाहिलं."

मुलाच्या यादीत नऊ तासांची धावपळ होती. ही गोष्ट मात्र कोणत्याही यादीत नव्हती. आजी घरी राहिल्या असत्या, तर ती कोणाला कळलीही नसती.

सहलीचा बेत आखताना म्हणून एक साधा नियम पाळावा. कुटुंबातील सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीला काय झेपेल, हे आधी मांडावे आणि मगच बाकीची स्थळे जोडावीत. आणि घरातील वडीलधारे "तुम्ही जाऊन या" असे म्हणतील, तेव्हा ते वाक्य लगेच जमा करून घेऊ नये.