मॅचमध्ये मुलाला काही सुचत नाही? टॉनिक नको, सराव तपासा

"डॉक्टर, याला मेंदूचं एखादं टॉनिक द्या."

११ वर्षांच्या मुलाला घेऊन वडील आले होते. खरं दुखणं टाचेचं होतं. वाढीच्या वयात खूप धावणाऱ्या मुलांमध्ये टाचेच्या हाडाच्या वाढणाऱ्या भागावर ताण येतो. काही आठवडे धावणं, उड्या कमी केल्या की बहुतेकांना बरं वाटतं. पण वडिलांची चिंता वेगळीच. "सरावात कोनांमधून बॉल मस्त नेतो. मॅचमध्ये बॉल आला की गोंधळतो."

मी मुलालाच विचारलं, "सरावात काय काय करता रे?"

"आधी फेऱ्या, मग कोन, मग रांगेत उभं राहून शॉट. वेळ उरला तर शेवटी मॅच."

प्लास्टिकचा कोन जागचा हलत नाही, बॉल हिसकावत नाही. तिथे पाय तयार होतो, नजर मात्र खालीच राहते. मॅचमध्ये आपला खेळाडू कुठे, समोरचा किती वेगाने येतोय, पास द्यायचा की बॉल ठेवायचा, हे सेकंदभरात ठरवावं लागतं. अशा प्रसंगातून शेकडो वेळा गेल्यावरच मेंदू ते चटकन ओळखतो. तापाची कारणं मीही पुस्तकात पाठ केली होती, पण कोणत्या रुग्णाला आत्ताच अॅडमिट करायचं हे वॉर्डात शिकलो.

इंग्लंडमध्ये ९ ते १६ वर्षांच्या मुलांच्या सरावाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही खेळापेक्षा सुट्या कवायतींवरच जास्त वेळ जात होता. नंतरच्या एका तुलनेत स्पेन आणि पोर्तुगालचे प्रशिक्षक मुलांना स्वतः निर्णय घ्यावा लागेल असा सराव इंग्लंड-जर्मनीपेक्षा जास्त देताना दिसले. बार्सिलोनाचा 'रोंडो' तर प्रसिद्धच आहे: गोलात उभी मुलं बॉल फिरवतात, मधली एक-दोघं तो हिसकावायला धावतात. तीन विरुद्ध तीन, चार विरुद्ध चार असे छोटे सामनेही उत्तम. प्रत्येकाकडे बॉल वारंवार येतो, प्रत्येक वेळी काहीतरी ठरवावं लागतं.

कोन फेकून द्या, असं मी म्हणत नाही. नवशिक्याला बॉलची ओळख व्हायलाच हवी. पण दीड तासात छोट्या सामन्यांना दहा मिनिटं मिळत असतील, तर कोचशी नम्रपणे बोला.

आणि एक कडू डोस पालकांसाठी. रेषेबाहेरून "पास दे, पास दे!" असं ओरडता, तेव्हा निर्णय तुम्ही घेतलेला असतो. मूल फक्त हुकूम पाळतं, आणि तुम्ही गप्प झालात की अडकतं.

टॉनिक मी लिहिलं नाही. झोप मात्र विचारली. पहाटे साडेपाचला मैदानावर आणि रात्री अकराला अंथरुणात! या वयाला किमान ९ तास झोप हवी. अर्धवट झोपेत माझेही निर्णय चुकतात.

"मग टाच बरी होईपर्यंत हा करेल काय?" वडिलांनी विचारलं.

म्हटलं, दोघं बसून रेकॉर्ड केलेली मॅच बघा. खेळाडूकडे बॉल पोहोचायच्या आत थांबवा आणि विचारा, "तू काय केलं असतंस?" मग पुढे चालू करा. त्याचं उत्तर वेगळं निघालं तर 'चूक' म्हणू नका, "तुला काय दिसलं?" एवढंच विचारा.