दाद मागायची कोणाकडे?

आपल्या वस्तीतील नळाला घाण पाणी आले तर आपण काय करतो? वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेतो, कोर्टात जातो, निवडणुकीत नगरसेवकाला घरी बसवतो. पण पाणी घाण करणारी संस्था साऱ्या जगाची असेल तर?

हैती हा कॅरिबियन समुद्रातील देश. गुलामांनी फ्रेंच मालकांविरुद्ध बंड करून १८०४ साली तो स्वतंत्र केला, हे आमच्या वाचकांनी विसरू नये. जानेवारी २०१० मध्ये तेथे भीषण भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. त्यापूर्वी शंभर वर्षे तरी तेथे या रोगाची नोंद नव्हती. मिरबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेची छावणी होती. नेपाळहून आलेल्या तुकडीच्या त्या छावणीतला मैला ओढ्यात गेला, ओढा आर्तिबोनित नदीला मिळाला आणि खालची गावे तेच पाणी पीत होती. सुमारे दहा हजार माणसे दगावली, आठ लाखांवर आजारी पडली. बिचाऱ्या सैनिकांना आम्ही दोष देत नाही. मैल्याची व्यवस्था पाहणे हे छावणी चालविणाऱ्यांचे काम होते.

मृतांच्या घरच्यांनी भरपाई मागितली. हे दावे विचारात घेता येत नाहीत, असे राष्ट्रसंघाने फेब्रुवारी २०१३ मध्ये कळविले. न्यूयॉर्कच्या न्यायालयातही दार बंद, कारण १९४६ च्या करारान्वये राष्ट्रसंघावर खटला चालत नाही. आम्ही पडलो कारकून, कागद शेवटपर्यंत वाचायची खोड! त्याच कराराच्या २९व्या कलमात म्हटले आहे की, अशा तक्रारी मिटविण्याची सोय राष्ट्रसंघानेच करावयाची आहे. २००४ साली हैतीशी झालेल्या करारात तर दाव्यांसाठी आयोग नेमण्याचेही कबूल केले होते. तो कधी नेमलाच नाही.

१ डिसेंबर २०१६ रोजी सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली, तीही जपून. साथ आम्ही आणली असे नव्हे, साथीच्या वेळी आम्ही पुरेसे केले नाही असे. ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, पण पैसे देणे ज्या त्या देशाच्या मर्जीवर ठेवले. साहजिकच फार थोडे जमले.

माफी हैतीच्या लोकांच्या क्रिओल भाषेतही मागितली गेली. घरचा माणूस गमावलेल्यांच्या अर्जांना उत्तर मात्र २०१३ चेच राहिले.